जूनची तयारी आणि डिसेंबरचे वादळ



महासंघाच्या कामासाठी या हिवाळ्यात चंदीगडला आलो आहे आणि हे चार शब्द इथूनच लिहीत आहे. सकाळचे आठ वाजून गेले तरी खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नाही. स्टेशनच्या फलाटावर उभे राहावे तर समोरच्या फलाटावरचा माणूस दिसत नाही, फक्त त्याचा खोकला ऐकू येतो. आपण कोकणातली आणि देशावरची माणसे. थंडी म्हणजे शेकोटी आणि हुरडा एवढेच आपल्याला ठाऊक. इथे थंडी म्हणजे नोकरीचा एक वेगळा हंगाम आहे.

उत्तर रेल्वेच्या अंबाला विभागातल्या साथींबरोबर दोन दिवस बसणे-उठणे झाले. धुक्याची तयारी ते कशी करतात हे मुद्दाम विचारून घेतले. लोको पायलटच्या हातात फॉग सेफ डिव्हाइस नावाचा एक छोटा डबा असतो. पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे हे तो आधीच सांगतो. सिग्नल जवळ आला हे कळावे म्हणून रुळांवर चुन्याचे पट्टे ओढलेले असतात. काही ठिकाणी माणूस बसवून रुळावर फटाके, म्हणजे आपले डिटोनेटर, लावले जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी कित्येक गाड्या आधीच जाहीर करून रद्द होतात. धुके पडल्यावर कोणी धावपळ करत नाही, कारण कॅलेंडरचे पान उलटण्याआधी तयारी झालेली असते. ती पुरेशी आहे असे इथले साथीही म्हणत नाहीत. माणसे कमी, रात्रपाळ्या जास्त ही रड इथेही आहेच. पण तयारी लेखी आहे आणि ती कोणी करायची हे ठरलेले आहे.

चहा पिता पिता एका सरदारजी लोको पायलटने मला सरळ विचारले, "आप के यहाँ तो समुंदर है. सर्दी में तूफान आ जाए तो आप लोग क्या करते हो?" मी मोठ्या तोऱ्यात आपल्या पावसाळी गस्तीचे वर्णन केले. तो शांतपणे म्हणाला, "वो तो बारिश का हुआ. मैं सर्दी का पूछ रहा हूँ."

रात्री झोप आली नाही. थंडी होतीच, पण त्याचा प्रश्नही टोचत होता. बोटावर मोजू लागलो. आपल्या किनाऱ्याला अलीकडे ज्यांनी हिसका दिला ती वादळे कोणती? फयान ११ नोव्हेंबर २००९ चे. ओखी डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यातले. निसर्ग ३ जून २०२० चे. तौक्ते १६-१७ मे २०२१ चे. आता कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक आठवा. कितीतरी वर्षे ते १० जूनला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपत असे. २०२५ मध्ये तर ते १५ जून ते २० ऑक्टोबर एवढेच होते. वरच्या चार तारखांपैकी एकही त्यात बसत नाही. एकही नाही!

यात योगायोग नाही. हवामान खात्याची नोंदवही उघडली तर अरबी समुद्रातली चक्रीवादळे बहुतेक दोन वेळा येतात, एकदा मे-जूनमध्ये मोसमी पाऊस बसण्याच्या सुमारास आणि एकदा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तो परत गेल्यावर. भर पावसाळ्यात वरच्या हवेतले वारे एवढे जोरदार असतात की वादळाची गुंडाळी उभीच राहू शकत नाही. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये आपण दरडीसाठी आणि पुरासाठी जागे असतो, ते योग्यच आहे. पण चक्रीवादळ येते ते आपण झोपायला गेल्यावर किंवा उठायच्या आधी. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला झोडपणारे वादळही असेच पाऊस संपल्यावर आले होते. तेव्हा हे काही नव्या जमान्याचे खूळ नाही.

पावसाळी तयारीला कोणी नावे ठेवू नयेत. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळून पन्नासच्या वर माणसे गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये आंबवलीला मत्स्यगंधा घसरली. त्यानंतर कोकण रेल्वेवर जे नियम कडक झाले ते माणसांच्या जिवाची किंमत देऊन झाले. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरच्या मार्गावर पावसाळ्यात गस्त असते, नाजूक ठिकाणी रात्रंदिवस पहारा असतो, मुसळधार पावसात गाड्या ताशी ४० किलोमीटरवर आणतात. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी अशा नऊ स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी वाढली की सूचना देणारी यंत्रे आहेत. वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे चार ठिकाणी आहेत: रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल, गोव्यातले मांडवी आणि जुवारी पूल, आणि कर्नाटकातला शरावतीचा पूल. ही यंत्रे डिसेंबरातही पुलावरच असतात, वाराही तेव्हा मोजतात. प्रश्न यंत्रांचा नाही. गस्तीची वाढीव माणसे त्या वेळी घरी किंवा दुसऱ्या कामावर गेलेली असतात, आणि गावाला तर पावसाळा संपला की वादळाचा विचारही शिवत नाही.

हिवाळ्यात किनाऱ्यावरचे गाव कसे असते ते पाहा. कौले पावसाआधी शाकारली, ती आता चार महिने भिजून ढिली झालेली. घरासमोर सुकी मासळी पसरलेली. होड्या समुद्रात, काही तर आठ-दहा दिवसांच्या लांब फेरीवर. आंब्याला मोहोर. किनाऱ्यावर मुंबई-पुण्याचे पाहुणे, नाताळाच्या सुट्टीची बुकिंगे. आभाळ निरभ्र. अशा वेळी बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला तर किती जण मान वर करून बघतात? आणि किती जणांना त्याचा अर्थ कळतो? बंदरावरचे बावटे १ ते ११ असतात. पहिले दोन दूरच्या वादळाचे, तीन-चार स्थानिक इशाऱ्याचे, पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे. अकरावा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. आपल्या लहानपणी कोळीवाड्यातल्या पोरालाही हे पाठ असे. आता मोबाइलवर लाल-पिवळे नकाशे येतात आणि त्यांच्याच जोडीला खोट्या बातम्याही येतात.

ओखीच्या वेळची माझ्या घरची गोष्ट सांगतो. आमची वाडी रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. आई तेव्हा गावी एकटीच होती. ३ डिसेंबर २०१७ ला पौर्णिमा होती, दत्तजयंती. पौर्णिमेचे उधाण आणि त्यात वादळाचा फुगवटा, म्हणजे दुहेरी पाणी. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आमच्या वाडीचा डाकवाला नेहमीप्रमाणे निघाला. हा ग्रामीण डाक सेवक, पगारापुरता चार-पाच तासांचा कामगार. बंदरावर बावटा पाहून आलेला. त्याने त्या दिवशी प्रत्येक घरी टपाल दिले आणि प्रत्येक घरी निरोपही दिला. आईला म्हणाला, "काकी, आज राती पुढल्या पडवीत निजू नको. गुरांची दावी सोडून ठेव. रेशनकार्ड नि पोस्टाचं बुक पिशवीत बांध." कोणत्या घरात म्हातारे माणूस खाटेवर आहे, कोणाची सून दिवसांत आहे, कोणाचा मुलगा होडीवर गेला आहे, हे त्याला तोंडपाठ. ते तलाठ्याच्या वहीत नसते.

त्या रात्री आमच्या अंगणात पाणी आले. खालच्या दोन घरांतल्या म्हाताऱ्या वरच्या शाळेत न्यायच्या ठरल्या, तर शाळेला कुलूप. गुरुजी शहरात राहतात. शेवटी कडी तोडली. त्या कडीचे पैसे कोणी भरायचे यावर पुढे ग्रामसभेत तासभर चर्चा झाली म्हणे. वाडीतले कोणी दगावले नाही. आणि डाकवाल्याचे काय झाले? फेरी लांबल्यामुळे त्याची पिशवी टपालाच्या मोटारीला चुकली, म्हणून त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. कोणत्या कार्यालयाने मागवला ते इथे लिहीत नाही, त्याची गरज नाही. ज्याने मागवला त्यानेही नियमच पाळला. वादळाचा निरोप देणे हे डाक सेवकाच्या कामात कुठेही लिहिलेले नाही आणि टपाल वेळेवर पोचवणे लिहिलेले आहे.

माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. किनाऱ्यावरच्या शहराला वादळासाठी तयार करायचे तर ज्यांचे पाय रोज त्या शहरात फिरतात त्यांच्या नेमून दिलेल्या कामात ते बारा महिने लिहिलेले असले पाहिजे. स्वयंस्फूर्तीवर सोडले तर चांगला माणूस पुढे येतो आणि खुलाशाचा कागद घेऊन घरी जातो.

त्याच ओखीची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. २९ नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या खाली कमी दाबाचा पट्टा खोल झाला आणि ३० तारखेला त्याचे वादळ झालेसुद्धा. केरळ आणि तामिळनाडूचे जे मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते त्यांना निरोप पोचलाच नाही. शेकडो परतले नाहीत. जे वाऱ्याबरोबर वर वाहत आले त्यांतल्या ६८ बोटी आणि ९५२ माणसे आपल्या देवगड बंदरात सुखरूप लागली. भाषा कळत नाही, गाव कळत नाही, तरी देवगडने त्यांना आसरा दिला. ५ डिसेंबरला मुंबईत शाळांना सुट्टी द्यावी लागली. चैत्यभूमीवर महापरिनिर्वाण दिनासाठी आलेल्या लोकांचे मंडप भिजून कोसळले आणि त्यांची सोय महापालिकेच्या शाळांत करावी लागली. वादळ किनाऱ्याला लागेपर्यंत मरगळले म्हणून आपण वाचलो. ती आपल्या तयारीची करामत नव्हती.

रेल्वे आणि टपाल या दोन्ही खात्यांच्या माणसांनी हिवाळी वादळाचा एक प्रसंग तर कधीच विसरू नये. धनुष्कोडीचा. रामेश्वरम बेटाच्या टोकाला हे छोटे शहर होते. मद्रासहून बोट मेल तिथवर जाई, पुढे आगबोटीने प्रवासी आणि टपाल श्रीलंकेतल्या तलैमन्नारला. स्टेशन, टपाल कार्यालय, कस्टम, रेल्वेच्या वसाहती सगळे होते. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळ आले. पांबनहून ६५३ नंबरची पॅसेंजर मध्यरात्रीच्या थोडे आधी धनुष्कोडीला निघाली. स्टेशन काही शे मीटरवर असताना सिग्नल मिळेना. अंधार, वारा, तारा तुटलेल्या. सांगतात की ड्रायव्हरने वाट पाहिली आणि मग शिटी देत गाडी पुढे काढली. समुद्राची लाट आली आणि गाडी गेली. अधिकृत आकडा ११० प्रवासी आणि ५ रेल्वे कर्मचारी. विनातिकीट किती होते ते समुद्राला माहीत. शहर पुन्हा वसले नाही. सरकारने ते राहण्यास अयोग्य ठरवले.

पांबनच्या पुलाचे सव्वाशेच्या वर गर्डर वाहून गेले होते. तो पूल ४६ दिवसांत उभा राहिला आणि त्या कामाचे प्रमुख ई. श्रीधरन यांचे नाव तेव्हापासून झाले, ते योग्यच. पुढे कोकण रेल्वे बांधतानाही तेच प्रमुख होते. पण पूल पुन्हा बांधण्याची गोष्ट आपण जितक्या अभिमानाने सांगतो तितकी त्या पाच कर्मचाऱ्यांची सांगत नाही. त्या रात्री पांबनहून गाडी सोडू नका असे म्हणण्याचा अधिकार कोणाला होता? ड्रायव्हरला होता का? स्टेशन मास्तरला होता का? आज पांबनला वारा ठरावीक वेगापुढे गेला की सिग्नल लाल होतो, कोणाच्या धाडसावर काही सोडलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिथे नवा पूलही सुरू झाला. पुलासाठी हा नियम झाला. शहरासाठी तसा सिग्नल कुठे आहे?

खरे तर सिग्नल आहे. हवामान खाते चक्रीवादळाची सूचना चार टप्प्यांत देते: साधारण ७२ तास आधी पहिली चाहूल, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा आणि १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यावर कुठे जाईल त्याचा अंदाज. पुढच्या तिघांचे रंगही पिवळा, नारिंगी, लाल. रेल्वेच्या माणसाला हे वेगळे समजवायला नको. डिस्टंट दिसला की ड्रायव्हर गाडी थांबवत नाही, पण त्याचा हात ब्रेकवर जातो. शहराचा हात ७२ तासांच्या इशाऱ्याला ब्रेकवर जायला हवा. ओखीसारखे एखादे वादळ एवढी मुदत देत नाही हे खरे, आणि म्हणूनच कोणी काय करायचे हे इशाऱ्याच्या आधी ठरलेले असायला हवे.

रत्नागिरी घ्या. मिऱ्या, मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा. निसर्ग वादळात मिऱ्याच्या किनाऱ्यावर बसरा स्टार नावाचे जहाज येऊन रुतले. खलाशी वाचले, पण ते धूड पुढे वर्षानुवर्षे तिथेच पडून लोकांच्या फोटोची जागा झाले. त्याच वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, कित्येक गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. सुपारीच्या बागा झोपल्या त्या पुन्हा उभ्या राहायला वर्षे लागतात. मोबाइल गेला की काय उरते? पूर्वी तार होती. १५ जुलै २०१३ पासून तारही नाही. उरतो रेल्वे स्टेशनवरचा कंट्रोलचा फोन, स्टेशन मास्तर आणि गार्डचे वॉकीटॉकी, स्टेशनचा जनरेटर. कोकणातली स्टेशने गावापासून लांब, डोंगराच्या कुशीत, असे आपण नेहमी रडतो. वादळात मात्र तेच बरे, कारण समुद्र तिथे पोचत नाही. तरीही नगरपालिकेच्या आराखड्यात स्टेशनचे नाव असते का, आणि स्टेशन मास्तरला त्या आराखड्याची प्रत मिळते का, हे आपल्या प्रत्येक शाखेने विचारून पाहावे. माझा अंदाज मी इथे लिहीत नाही.

शहरवासीयांना काय सांगायचे याची यादी फार मोठी नाही. पत्रे दगडाने दाबू नका, वाऱ्यात तो दगडच डोक्यावर येतो. तारेने किंवा दोराने बांधा. घरावर झुकलेल्या माडाच्या झावळ्या आणि सुके नारळ आधीच उतरवा. दोन दिवसांचे पाणी भरून ठेवा, कारण वीज गेली की विहिरीचा पंपही गेला. बॅटरी, औषधे, कागदपत्रे एका पिशवीत. होडी वर ओढून एकमेकींना बांधा. वारा मध्येच अचानक पडला तर वादळ गेले असे समजून बाहेर येऊ नका, तो डोळा असतो, थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो. हे सगळे छापील पत्रकात असतेच. पत्रक भिंतीवर राहते. खाटेवरच्या म्हातारीला उचलायला दोन माणसे लागतात, त्यांची नावे आधी ठरवावी लागतात, आणि शाळेच्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे वाडीला माहीत असावे लागते.

ओडिशाने हे करून दाखवले. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ च्या फायलिनला आणि मे २०१९ च्या फनीला लाखो माणसे आधीच हलवली आणि मृत्यूंचा आकडा दोन अंकी राहिला. फनीच्या वेळी रेल्वेने गाड्या रद्द तर केल्याच, पण वादळाआधी पुरीहून यात्रेकरूंना बाहेर काढायला खास गाड्याही सोडल्या. त्या गाड्या कोणी चालवल्या? आपल्याच माणसांनी. निवाऱ्याच्या इमारती, गावची तुकडी, दरवर्षीची तालीम, हे तिथे वीस वर्षे चालले आहे. केंद्राच्या चक्रीवादळ प्रकल्पात ओडिशा आणि आंध्र पहिल्या टप्प्यात होते, महाराष्ट्र दुसऱ्या टप्प्यात आला. उशिरा का होईना, आला. इमारत सरकार बांधील, तालीम मात्र माणसांनीच करावी लागते.

आता आपल्याच माणसांचा एक आक्षेप ऐकू येतो: "साहेब, आधीच माणसे कमी. त्यात हे नवे काम अंगावर का घ्यायचे?" आक्षेप रास्त आहे. मी स्वतः गँगमध्ये हातोडा चालवून मुकादम झालेला, मॅट्रिक शिकलेला माणूस आहे. रिकाम्या जागा न भरता कामाची यादी वाढवणे म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. पण वादळ आल्यावर ते काम आपल्या अंगावर येतेच, तेव्हा मात्र ते बिनमोल येते. रुळावरचे झाड कोण काढतो? गँगमन. बंद पडलेल्या पैशाच्या व्यवहारात पेन्शनचे चार पैसे घरपोच कोण देतो? डाकवाला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा एसटीच्या आगारातले कर्मचारी रोकड सांभाळत बसच्या टपावर बसून राहिले होते. त्यांचे कौतुक झाले, वर्तमानपत्रात फोटो आले. टपावर बसायची वेळ का आली, हे फारसे कोणी विचारले नाही.

आणि इशारा मिळूनही माणूस जागचा हलला नाही तर काय होते हे तौक्तेने दाखवले. १७ मे २०२१ ला मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. तो आणि एक टग मिळून ऐंशीहून अधिक कामगार गेले. इशारा होता. तराफा आपल्या जागेजवळच राहिला. त्यावरचे बहुतेक कंत्राटी कामगार, आम्हाला किनाऱ्यावर न्या असे म्हणण्याची त्यांची काय बिशाद? माझ्या मते आपल्या महासंघाला याहून मोठे कारण नको. काम सोडून सुरक्षित जागी जाण्याचा हक्क ज्याला नाही, त्याला हवामान खात्याचा इशारा म्हणजे नुसती बातमी.

दोष आपलाही आहे, तो लपवत नाही. दर मे महिन्यात आपण प्रशासनाला पत्र देतो: रेनकोट द्या, गमबूट द्या, बॅटरी द्या, गस्तीच्या झोपड्यांचे छप्पर दुरुस्त करा. ऑक्टोबरात ती फाइल बंद होते. एवढी वर्षे मी शाखेचे काम करतो, पण नोव्हेंबरात वादळाच्या तयारीचे एकही पत्र माझ्या हातून गेलेले नाही. चंदीगडच्या सरदारजीने विचारेपर्यंत ते सुचलेही नव्हते. या चंदीगडचेही पाहा. समुद्रापासून एवढे दूर, आखीव-रेखीव शहर. पण जुलै २०२३ मध्ये इथे चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले, आणि पुढच्याच महिन्यात वरच्या शिमला मार्गावर समरहिलजवळ रुळाखालची जमीन वाहून रूळ हवेत लोंबकळले. इथले साथी सांगतात, धुक्याची वही आमच्याकडे होती, या पावसाची नव्हती. आपल्याकडे उलटे आहे, एवढाच फरक.

म्हणून शाखांनी पुढील गोष्टी प्रशासनापुढे ठेवाव्यात असे मी सुचवतो. वादळाचे काम पावसाळी परिपत्रकातून काढून बारमाही करावे. ७२ तासांची पहिली सूचना आली की किनाऱ्याजवळच्या सेक्शनमध्ये गस्त आपोआप सुरू व्हावी, त्यासाठी वेगळ्या मंजुरीची वाट पाहू नये, आणि त्या पाळ्यांचा ओव्हरटाइम मान्य असावा. ज्या ग्रामीण डाक सेवकाच्या हद्दीत समुद्रकिनारा आहे त्याच्या कामात वादळाचा निरोप घरोघरी देणे लेखी असावे, त्याचे तास मोजावेत, आणि त्या दिवशी टपाल उशिरा पोचले तर खुलासा मागू नये. गाडी थांबवण्याचा निर्णय स्टेशन मास्तरने घेतला आणि वादळ आलेच नाही, तरी त्याच्यावर ठपका येऊ नये. कंत्राटी कामगारालाही सुरक्षित जागी जाण्याचा तोच हक्क असावा. आणि जी गोष्ट सगळ्यात आधी व्हायला हवी: ड्यूटीवर जाणाऱ्या गँगमनचे, पॉइंट्समनचे, डाकवाल्याचे कुटुंब आधी निवाऱ्यात हलवावे. बायकापोरे पत्र्याच्या घरात आणि माणूस रुळावर, अशा मनाने कोण गस्त घालील?

एवढे सगळे एकदम मिळणार नाही, मला ठाऊक आहे. पहिल्या पत्राला उत्तरच येणार नाही, दुसऱ्याला "बाब विचाराधीन आहे" येईल. पण काही गोष्टी कोणाच्या मंजुरीशिवाय होतात. आपल्या वस्तीतल्या खाटेवरच्या माणसांची यादी, बावट्यांच्या अर्थाचा एक फलक, शाळेच्या किल्लीचा ठिकाणा, आणि स्टेशनचा डाकवाल्याशी ओळखीचा एक फोन नंबर. किनाऱ्यालगतच्या शाखांनी हे करून आपापल्या पुढच्या सभेत वाचून दाखवावे, आणि काय जमले, काय नाही ते या मासिकाकडे कळवावे. आमच्या शाखेच्या सभेत मी हा विषय पहिल्या क्रमांकावर ठेवणार आहे. डाकवाल्या साथीलाही बोलावले आहे. येतो म्हणाला आहे, फेरी संपवून.

परवा इथूनच गावी फोन करून शाळेच्या किल्लीची चौकशी केली. गुरुजी बदलले आहेत. किल्ली नव्या गुरुजींकडे असते, आणि तेही शहरातच राहतात.